पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

(नेवासा येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला भाषणाची सवय नाही. ताई म्हणाल्या, "तुझं तू सांग," म्हणून उभी राहिले.

नेवाशाचं नाव ज्ञानेश्वरीमुळे सगळीकडे माहीत. पैस खांबाच्या दर्शनाला लांबलांबून माणसं येतात. त्याच नेवाशाजवळच्या वस्तीवर माझी मुलगी 2018 साली तिसरीत गेली, आणि तिला पुस्तकातली एक ओळ सरळ वाचता येत नव्हती. काना-वेलांटी गाळायची, जोडाक्षर आलं की थांबायची. फळ्यावरचं उतरवायचं म्हटलं की पोटात दुखायचं. पण डेअरीवर दूध घालायला माझ्याबरोबर आली की लिटर, फॅट, भाव, सगळा हिशेब तोंडी! मग ही पोर 'ढ' कशी?

शाळेत म्हणाले, लक्ष नाही. सासूबाई म्हणाल्या, आईच दिवसभर बाहेर, पोरीचं कोण बघणार? मूल हुशार निघालं तर बापावर गेलं, मागं पडलं तर आईचं चुकलं. हे तुम्हाला नवीन नाही. त्याच महिन्यात मोठ्या मुलाला फळा अंधुक दिसतो म्हणून त्याचे वडील नगरला घेऊन गेले, चष्मा करून आणला. मुलीचं नाव काढलं तर घरात सगळे एकदम म्हणाले, "तपासणी? उद्या शिक्का बसला तर लग्न कसं व्हायचं?"

अंगणवाडीतल्या एका मैत्रिणीनं पहिल्यांदा 'अध्ययन अक्षमता' हा शब्द सांगितला. बुद्धी चांगली, पण वाचन, लेखन किंवा गणित यांतलं एखादं मेंदूला अवघड जातं. मतिमंदत्व वेगळं, हे वेगळं. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात हिचं नावच नव्हतं. महाराष्ट्र सरकारनं 1996 साली अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. त्याच वर्षी मुंबईत पालक आणि तज्ज्ञांनी मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन काढली. पण तेव्हा त्याचा लाभ बहुतेक मुंबईच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांना. मराठी शाळेतल्या, त्यातून खेड्यातल्या मुलीपर्यंत ते कुठून पोचणार?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात अध्ययन अक्षमता घेतली. कलम 16 म्हणतं, अशी मुलं लवकरात लवकर ओळखा आणि त्यांच्यासाठी उपाय करा. केंद्र सरकारनं जानेवारी 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट लिहिलं होतं की तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनीच प्राथमिक चाळणी करायची. म्हणजे ते काम शाळेचं होतं आणि मी मात्र उपकार मागितल्यासारखी दारात उभी!

मुख्याध्यापकांना चार वेळा भेटले. माणूस वाईट नव्हता. दर वेळी म्हणायचे, "अर्ज कशाला वहिनी, मी बघतो ना." या 'मी बघतो'त वर्ष गेलं. तोंडी बोलण्याचा कागद होत नाही, आणि कागद नसला की आपण कधी गेलोच नव्हतो असं होतं. शेवटी 2019 मध्ये आमच्या बचत गटातल्या तिघी माझ्याबरोबर आल्या. अर्ज दोन प्रतींत लिहिला: मुलीला काय येतं, काय येत नाही, कधीपासून, आणि आम्हाला तपासणी हवी आहे. ते म्हणाले, ठेवून जा. आम्ही म्हणालो, आमच्या प्रतीवर पोच द्या. शिक्का सापडेना. आम्ही बसलो. मधली सुट्टी झाली, पोरांचं जेवण झालं, खिचडी आम्हालाही विचारली त्यांनी! शेवटी शिक्का सापडला.

महिनाभरात गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक आले. पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मुलीजवळ तासभर बसलं. त्यांनी पुढच्या तपासणीसाठी लिहून दिलं. मग कोरोनानं शाळाही बंद, दवाखानेही बंद. नंतर शहरातल्या एका रुग्णालयाच्या तीन खेपा. एकदा बालरोगतज्ज्ञ, एकदा मानसतज्ज्ञ नाहीत, म्हणून परत. प्रत्येक खेपेला माझा दिवसाचा रोज बुडाला. मुलीसाठी रजा घेणारी आईच असते, हिशेबात ती कुठंच धरत नाहीत.

दाखला हातात आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे येडी नाही ना?" नाही म्हटल्यावर त्या रडल्या. त्या स्वतः दुसरीतून शाळा सोडलेल्या. त्यांनाही अक्षरं 'नाचताना' दिसायची, हे मला त्या दिवशी कळलं.

एक गोष्ट मला सुटलेली नाही. आपल्या तालुक्यात कारखाने आहेत, हंगामात ऊसतोडीला आलेल्या बाया पोरांसकट कोपीवर राहतात. त्यांच्या मुलीला वाचता येत नसेल तर ते शाळा बुडाल्यामुळे की अक्षमतेमुळे? हे कुणी तपासायच्या आत बैलगाडी पुढच्या फडाला लागते. त्यांच्या बाजूनं अर्ज कोण देणार, यावर आज दुपारी बोलू या.

माझी मुलगी आता माध्यमिक शाळेत आहे. धडा कुणी वाचून दाखवला की तिच्या लक्षात राहतो, परीक्षेत जास्त वेळ मिळतो. चौदाव्या वर्षीच्या फेरतपासणीचा अर्ज तिनं स्वतः लिहिला, चुकांसकट.

त्या पहिल्या अर्जाच्या झेरॉक्स मी आणल्या आहेत. नावाची जागा मोकळी ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना हव्यात त्यांनी माझ्याकडून घ्या, आणि शाळेत एकट्या जाऊ नका.