किती जन्मांत किती मरणं? – वही आपण ठेवायची
(पाड्यांच्या बैठकीतलं भाषण)



सरकारी कागद म्हणतो, बालमृत्यू कमी झाले. आपण विचारायचं, किती जन्मांत किती? आणि मोजले कुणी? वनखात्याच्या कागदावर आपली शेती नसते, म्हणून काय ती आपण कसत नाही? तसंच बाळाचं. घरात जन्मलं, पाचव्या दिवशी गेलं, ना जन्म लिहिला ना मरण. आपल्या वहीत दोन्ही लिहायचं.

पण आकडा आपणही नीट वाचायचा. समजा पाड्यात वर्षाला २० जन्म. एक बाळ गेलं की हजारी ५० झाले. पुढच्या वर्षी एकही नाही, तर शून्य. एवढ्यावरून सुधारलं का बिघडलं, काही कळत नाही. दहा पाड्यांचा पाच वर्षांचा हिशोब एकत्र करा, मग बोला. लोक म्हणतात, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं की माणूस मरतो. अहो, आपण नेतो कधी? झोळीत घालून, शेवटच्या घटकेला! जास्त आजारी तिथे जातात, म्हणून तिथे जास्त मरतात. रस्ता नाही, गाडी नाही, ते आपल्या मागणीत आहेच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. घरी जाऊन बाळाला बघायचं, ऊब, आईचं दूध, आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली तर औषध आणि सुई. महिन्याच्या आतली मरणं हजारी ६२ होती, ती १९९८ पर्यंत २५ च्या आसपास आली. जिथे हे काम नव्हतं ती शेजारची गावंही त्यांनी मोजली. तिथे अशी घट नाही. म्हणून हा आकडा आम्हाला पटतो.

म्हणजे सुई वाईट नाही. पण बाजाराच्या दिवशी 'कमजोरी' म्हणून लावतात ती बाटली? अर्धा लिटर सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. त्यापायी मजुरी जाते, आणि दुसऱ्याला टोचलेली सुई असली तर काविळीची भीती वेगळीच. हगवणीत पोर पीत असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोटघोट पाजा. मात्र पोर सुस्त पडलं, पिईना, तर तीच सलाईन जीव वाचवते. तेव्हा भगताकडे रात्र काढू नका, निघा.

डॉक्टरला विचारा, आजार कोणता? गोळीने भागेल का? सुई नाही घेतली तर काय होईल? लाजू नका. चिठ्ठी मागून घ्या.

पुढच्या बैठकीला वह्या आणा. जिथे लिहिणारं कुणी नाही, तिथे शाळेतली मोठी पोरगी लिहील.