गाडी सुरू होते, मग बंद का पडते?



संयोजकांचा निरोप होता, ‘संगणकावर काहीतरी बोल.’ पण मी जुन्या गाडीवर बोलणार आहे. हट्ट्यात आणि आसपासच्या गावांत अजून कितीतरी घरांपुढे जुनी पेट्रोल गाडी उभी आहे. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की तीच निघते.

आमच्याकडेही एक आहे, सत्तावीस वर्षांची, कार्ब्युरेटरवाली. आईचं डायलिसिस सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा ती नांदेडला जाते. मागच्या हिवाळ्यात ती रस्त्यात बंद पडू लागली. सुरू व्हायची झटक्यात. वीस-पंचवीस मिनिटं चालायची, आचके द्यायची आणि थांबायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू. प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरी नवी घातली. फरक शून्य. ‘भंगारात द्या’ असा सल्लाही मिळाला. आई मागच्या सीटवर पांघरूण घेऊन बसलेली असायची.

धाकट्या भावाला मी पुण्याहून फोनवर सांगितलं, आता काहीही बदलू नकोस, फक्त वहीत लिही. सुरू होणारी गाडी बरंच काही सांगून टाकते. बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत, हे तिथंच कळतं. राहतो प्रश्न एवढाच, की ती नेमकी कधी बंद पडते?

किल्ली सोडताच बंद पडली, तर वायरिंग बघा. काही जुन्या गाड्यांत स्टार्टर फिरताना कॉइलला वीज एका वाटेनं मिळते आणि किल्ली सोडल्यावर दुसऱ्या. दुसरी वाट तुटली की असं होतं. मिनिटभर चालून बंद पडली, तर पेट्रोल पोचत नसेल. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेलं तेवढं जळतं, पण फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय, म्हणून मागून येत नाही. उन्हात तापल्यावर बंद पडली, तर नळीतच पेट्रोलची वाफ होत असेल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला निवृत्त झाली. तशा गाड्यांचे चालक उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते याचसाठी.

भावाच्या वहीत दोन गोष्टी सापडल्या. एक, गाडी पहाटेच्या थंडीतही बंद पडते. म्हणजे उन्हाची वाफ नाही. दोन, टाकी फुल्ल केली की लवकर बंद पडते आणि अर्धी असली की उशिरा. बंद पडल्या पडल्या मिस्त्रींनी ठिणगी तपासली, ती होती. म्हणजे गोम पेट्रोलच्या वाटेवर, आणि तीही टाकीजवळ.

गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोकं का पाडतो? एकच पाडलं तर तेल गुळगुळ करत अडतं, कारण आत हवा जात नाही. जुन्या गाडीच्या टाकीच्या झाकणातही हवेसाठी बारीक वाट असते. ती बुजली की पेट्रोल जाईल तसतशी आत पोकळी वाढते आणि शेवटी पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. टाकी भरलेली असेल तर आत हवा मुळातच थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. थांबल्यावर फटीतून हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालते.

पुढच्या खेपेला गाडी बंद पडताच भावानं झाकण उघडलं. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली. झाकणाची वाट धुळीनं पार लिंपली होती. नवं झाकण बसवलं, त्यानंतर नांदेडची एकही खेप चुकली नाही.

तुमच्याकडे असं झालं तर झाकण उघडताना जवळ बिडी-काडी नको, आणि बंद खोलीत इंजिन चालू ठेवून तपासू नका. तो धूर जीव घेतो. एका वेळी एकच वस्तू बदला. दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

माझ्या नोकरीत मी प्रोग्रॅममधले दोष याच रीतीनं शोधते. पण ही रीत मला इंजिनिअरिंग कॉलेजात मिळालेली नाही. सर, प्रयोगवहीत तुम्ही कृती, निरीक्षण, अनुमान असे तीन रकाने आखायला लावायचे आणि निरीक्षण कोरं ठेवून अनुमान लिहिलं की वही परत करायचात. आईच्या वतीनं आज तुम्हाला नमस्कार करते.