लहान अपघात आणि आपले कर्तव्य

(उज्जैन येथील मराठी भाषिक नागरिक, मालमोटारचालक व शिक्षक यांच्यासमोर विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाकाळाच्या ह्या नगरीत मराठीतून बोलण्याची संधी आपण मला दिलीत, ह्याबद्दल मी आपला आभारी आहे. शिंद्यांची राजधानी १८१० साली येथून ग्वाल्हेरीस गेली, पण मराठी भाषा येथून गेली नाही. ती आजही येथील घरांत आणि देवळांत ऐकू येते, तशीच चिमणगंज मंडीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या ट्रकांपाशीही ऐकू येते. माळव्याचा गहू आणि सोयाबीन घेऊन बिजासन घाटाने खानदेशात उतरणारे, आणि नाशिकचा कांदा, जळगावची केळी घेऊन परत वर चढणारे अनेक चालक आपल्यापैकीच आहेत. म्हणून आजचा विषय मी त्यांच्या रोजच्या कामातून निवडला आहे.

मोठ्या अपघाताची बातमी वर्तमानपत्रात येते, पोलीस येतात, पंचनामा होतो. तेथे काय करावे हा प्रश्न कोणी चालकाच्या मर्जीवर सोडत नाही. परंतु ट्रकचा बंपर कोणाच्या बैलगाडीला घासला, मागे घेताना फाळका एखाद्या कुंपणावर आदळला, अरुंद पुलावर दोन गाड्यांचे आरसे एकमेकांना लागून फुटले, की प्रश्न उभा राहतो: हे कळवायचे की येथेच मिटवायचे? बहुतेक वेळा आपण मिटवतो. त्या मिटवण्यात कधी कधी काय राहून जाते, ते सांगण्यासाठी मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

नोकरीच्या आरंभीच्या काळात एका तालुक्याच्या गावी आमचे प्रदर्शन भरणार होते. साहित्य एका भाड्याच्या ट्रकमधून चालले होते आणि मी चालकाशेजारी बसलो होतो. वळणावर ट्रकच्या मागच्या कोपऱ्याचा धक्का एका सायकलस्वार दूधवाल्यास लागला. तो पडला, किटल्या लवंडल्या. आम्ही उतरलो. तो उठून उभा राहिला, धोतर झटकले आणि काही लागले नाही म्हणाला. चालकाने विचारले, “साहेब, ठाण्यात सांगू या का?” संध्याकाळी उद्घाटन होते. मी दुधाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि ट्रक पुढे नेण्यास सांगितले.

पंधरवड्याने त्याच रस्त्याने परतताना चहाच्या टपरीवर कळले की, त्याच्या मनगटाचे हाड मोडले होते. दोन दिवस त्याने ते अंगावर काढले, नंतर वैदूकडून बांधून घेतले. हाड वाकडे सांधले. धार काढणे त्याला जमेना. मी त्याच्या घरी गेलो. ट्रकचा विमा होता. भरपाईचा मार्ग कायद्यात होता. परंतु त्या दिवशी त्या वळणावर काही घडले होते, ह्याची नोंद कोठेही नव्हती. ती मी होऊ दिली नव्हती. मी ठाण्यात जाऊन उशिरा जबाब दिला, आणि उशीर का झाला ह्याचे उत्तर मला देता आले नाही. दावा करण्यास तो माणूस तयार झाला नाही. तो मला एवढेच म्हणाला, “साहेब, तुम्ही दुधाचे पैसे तर दिले होते.”

मित्रहो, त्या चालकास जे कळले होते ते मला पदवी घेऊनही कळले नव्हते. आता कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्राचा कायदा असल्यामुळे तो येथे व महाराष्ट्रात सारखाच लागू आहे. त्याच्या कलम १३२ प्रमाणे वाहनाचा अपघात झाल्यावर गणवेशातील उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याने सांगितल्यास चालकाने थांबले पाहिजे. ज्याला झळ पोहोचली त्याने आपले नाव-पत्ता देऊन मागणी केल्यास आपलेही नाव व पत्ता दिला पाहिजे. हे माणसापुरतेच नाही. घोडा, गुरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी व शेळी ह्यांचीही नावे त्या कलमात आहेत.

कलम १३४ पुढचे कर्तव्य सांगते. एखाद्या व्यक्तीस इजा झाली असेल, अथवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल, तर जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. जागेवर पोलीस असल्यास त्यांना माहिती द्यावी. नसल्यास जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, व कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, खबर द्यावी. विमा कंपनीसही पॉलिसीचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व स्थळ, जखमींचा तपशील आणि चालकाचे नाव व परवाना लेखी कळवावा. येथे ध्यानात घ्यावे की, कायद्याने रुपयांची कोणतीही मर्यादा घातलेली नाही. अमुक रकमेच्या आतील नुकसान कळवू नये, असे कोठेही म्हटलेले नाही. रस्त्याकडेचे झाड, खांब, पूल, मैलाचा दगड हीदेखील मालमत्ताच आहे. हे कर्तव्य न पाळणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तेव्हा खबर द्यावी की नाही हे पोच्याच्या आकारावरून ठरत नाही. झळ कोणाला पोहोचली, ह्यावरून ते ठरते. आपलाच ट्रक आपल्याच आवारातील भिंतीस घासला, तर ठाण्यात जाण्याचे कारण नाही. मालकास सांगावे म्हणजे झाले. दुसऱ्याचे काही मोडले असेल किंवा कोणी पडले असेल, तर खबर दिलीच पाहिजे. ‘काही लागले नाही’ हे पडलेल्या माणसाचे शब्द वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हेत. माणूस घाबरलेला असतो, भिडस्त असतो, दुखणे रात्री उमटते.

पुष्कळ चालक विचारतात, खबर दिली की विम्याची सवलत जाते ना? येथे दोन गोष्टींचा घोटाळा होतो. विमा कंपनीस अपघात कळवणे ही एक गोष्ट, आणि स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च मागणे ही दुसरी. वर्षभरात दावा न केल्यास पुढील हप्त्यात जी सवलत मिळते, ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागापुरती असते. आरसा व दिवा बदलण्याचा खर्च लहान असेल, तर मालकाने तो दावा न करणे शहाणपणाचे ठरू शकते. परंतु त्यासाठी अपघात लपवण्याची गरज नाही. उलट, तिसऱ्या पक्षाचा दावा पुढे आला आणि कंपनीस आधी काहीच कळवलेले नसले, तर अडचण मालकाचीच होते. तसेच रस्त्यावर उभे राहून ‘सर्व चूक माझी, सर्व भरपाई देईन’ असा कागद लिहून देऊ नये. कंपनीच्या लेखी संमतीवाचून असा कबुलीजबाब देण्यास पॉलिसीच्या अटी मनाई करतात. नुकसानीपुरती तडजोड दोन समंजस माणसांनी जरूर करावी, पण तडजोड ही खबरीच्या जागी येत नाही.

मालकांनाही माझी विनंती आहे. लहान ठोकरीचा खर्च चालकाच्या पगारातून किंवा भत्त्यातून कापला गेला, की तो पुढची ठोकर सांगत नाही. खरे सांगणाऱ्यास शिक्षा झाली, तर पुढल्या वेळी आपल्या कानी खरे येत नाही.

आता भीतीविषयी. चालक पळतो तो पुष्कळदा जमावाच्या भीतीने पळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्यामागे हीच भीती होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६, पोटकलम २ मध्ये निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवणाऱ्या आणि खबर न देता निघून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. संहिता १ जुलै २०२४ रोजी अंमलात आली तेव्हा हे पोटकलम स्थगित ठेवण्यात आले होते. परंतु १९८८ च्या कायद्यानेही जमावाच्या क्षोभाची दखल घेतली आहे. जमावामुळे जखमीस मदत करणे शक्य नसेल, तर ती सक्ती राहत नाही. मात्र तसे का झाले, हे ठाण्यात सांगावे लागते. जिवाच्या भीतीने गाडी सोडावी लागली, तर पावले ठाण्याकडे वळावीत. ११२ क्रमांकावर पोलिसांना आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेस फोन करता येतो. निघून जाणे आणि फरारी होणे, ह्यांतील अंतर त्या एका फोनाचे आहे.

ग्रामस्थहो, चालकाने थांबावे असे वाटत असेल, तर थांबणे त्याच्यासाठी सुरक्षित असले पाहिजे. ते आपल्या हाती आहे. थांबलेल्या चालकावर हात उगारणारे गाव पुढच्या चालकास पळण्याचा धडा देते. जखमीस रुग्णालयात नेणाऱ्याने आता कचेरीच्या फेऱ्यांची धास्ती बाळगू नये. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४-अ ने अशा सद्भावी मदतनीसास संरक्षण दिले आहे. भरपाईसाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाची मुदत आता सहा महिन्यांची आहे, हेही गावातील जाणत्यांनी लक्षात ठेवावे.

गुरुजनांस माझी विनंती अशी की, वर्गात एक पाठ ह्याचा घ्यावा. गाडीचा क्रमांक कसा टिपावा, वेळ व ठिकाण कसे लिहावे, ठाण्यात द्यावयाच्या खबरीचा चार ओळींचा अर्ज कसा करावा, हे आठवीतील मुलास सहज येईल. घरात शिकलेले माणूस पुष्कळदा तेच असते.

२०२८ साली येथे सिंहस्थ भरेल. क्षिप्रेच्या घाटांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर यात्रेकरू, आखाड्यांचे घोडे, उंट, आणि धान्य-भाजीपाल्याचे ट्रक एकत्र येतील. एवढ्या गर्दीत कोणाचा धक्का कोणाला लागणारच नाही, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. धक्का लागल्यावर आपण थांबू, विचारपूस करू आणि नोंद करू, एवढे मात्र आपल्यातील प्रत्येकाला ठरवता येईल. मी ते एकदा ठरवले नाही आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या हाताने दिली. तशी वेळ आपणांवर येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

जय हिंद.