सापाची आंघोळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साक्रीत आणि आसपासच्या खेड्यांत वीस-बावीस वर्षे मी साप पकडून सोडण्याचे काम करतो आहे. त्यामुळे साप निघाला की लोक मला फोन करतात, यात नवल नाही. कांद्याच्या चाळीखाली जनावर शिरले आहे, कोंबड्यांच्या खुराड्यात बसले आहे, विहिरीत पडले आहे, असे ते फोन. पण एका दिवाळीत आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांचा फोन आला आणि मी क्षणभर गप्पच झालो. ते विचारत होते, "भाऊ, सापाला आंघोळ कशी घालायची?"

गेलो तर प्रकार असा होता. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने तिथे अजगराची एक छोटी परदेशी जात पाळली होती आणि चार दिवस सुटी म्हणून खोक्यासकट ती साक्रीला आणली होती. आजीबाईंनी स्वयंपाकघराचे दार आतून लावून घेतले होते आणि फराळाचे डबेही आतच होते, त्यामुळे घरातले सगळे जरा चिडलेले होते.

या जातीला बॉल पायथन म्हणतात. मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाबरली की अंगाची गुंडाळी करून डोके मध्ये लपवते, चेंडूसारखी दिसते, म्हणून हे नाव. बिनविषारी, साधारण चार-पाच फुटांपर्यंत वाढणारी. मी आधी कागद मागितले. आपल्याकडचा कोणताही साप, मग तो नाग असो, धामण असो की पाणदिवड, घरात पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. परदेशी सापांपैकी ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रण आहे, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश या पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन त्यातच येतो. मुलाने मोबाईलवर नोंदणी दाखवली, तेव्हा कुठे मी खोके उघडले.

सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली होती. पाठीवर कागदाचे पापुद्रे चिकटावेत तशी जुनी कातडी, शेपटीच्या टोकाला एक घट्ट कडे आणि एका डोळ्यावर धुरकट पडदा. निरोगी सापाची कात ओठापासून सुटायला लागते आणि पायमोजा उलटा काढावा तशी सलग शेपटीपर्यंत निघते. तुकडे पडले म्हणजे बहुतेक वेळा हवा कोरडी आहे किंवा सापाच्या पोटात पुरेसे पाणी गेलेले नाही, असे समजावे. पुण्यातल्या खोलीत या सापाला पुरेसा ओलावा मिळत असेल, पण आपल्या खानदेशात दिवाळीनंतर ओठ फुटायला लागतात. तिथे आफ्रिकेतल्या दमट बिळात राहणाऱ्या जिवाचे काय होणार? शिवाय प्रवासात पाण्याची वाटी सांडेल म्हणून ती काढून ठेवलेली आणि नंतर ठेवायची राहून गेलेली.

आता आंघोळीचे सांगतो. सापाला भिजवणे हा अडलेल्या कातीवरचा उपाय आहे, रोजचा सोपस्कार नव्हे. पसरट टब घ्यायचा, स्वयंपाकाचा नाही. त्यात पाणी किती, तर साप तळाशी टेकला असताना त्याच्या जाडीच्या निम्मे. बोटात सांगायचे तर लहान सापाला एक बोट, या सापाला दोन. पाणी कोमट, २८ ते ३० अंश. तुमच्या-माझ्या आंघोळीचे पाणी त्याला चटका देईल आणि हौदाचे गार पाणी त्याला लुळे करील. हाताच्या अंदाजावर विसंबू नये, आठ-दहा रुपयांची वस्तू नसली तरी थर्मामीटर घ्यावा. नळाच्या पाण्यात जंतुनाशकाचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे. तळाशी जुना टॉवेल अंथरावा, म्हणजे साप घसरत नाही आणि अंग घासायला त्याला खरबरीत काहीतरी मिळते. झाकण भोकांचे. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आणि तेवढा वेळ माणसाने तिथून हलायचे नाही.

हे शेवटचे वाक्य मी त्या मुलाला तीनदा सांगितले. तो हसला. मग मी त्याला माझी गोष्ट सांगितली. ती फारशी कोणाला सांगितलेली नव्हती.

हे काम सुरू करून मला दोनच वर्षे झाली होती. मे महिना होता. कान नदीच्या काठच्या एका कोरड्या विहिरीतून मी सात फुटी धामण काढली. किती दिवस ती आत पडून होती कोण जाणे. अंगावर सुरकुत्या होत्या आणि अर्धी कात तशीच चिकटलेली. मला वाटले, बिचारीला पाणी पाहिजे. मी बादलीत बोअरचे गार पाणी भरले, चांगले गळ्यापर्यंत, धामण आत सोडली, वर जाळीचे झाकण लावून दगड ठेवला आणि चहा घ्यायला गेलो. धामण उत्तम पोहते, तिला पाण्याची कसली भीती, असा माझा हिशेब. परत आलो तेव्हा ती तळाशी होती.

साप पोहतो हे खरे, पण त्याला श्वास हवेतूनच घ्यावा लागतो. बहुतेक सापांचे उजवे फुप्फुसच काय ते काम करते, डावे नावापुरते असते. उपाशी, थकलेल्या सापाला बादलीच्या गुळगुळीत कडेला टेकू मिळत नाही. गार पाण्याने त्याचे स्नायू आखडतात, कारण त्याच्या अंगाची ऊब बाहेरून येते, आपल्यासारखी आतून नाही. विहिरीतून जिवंत काढलेले जनावर मी बादलीत बुडवून मारले. ज्यांच्या शेतात ती विहीर होती त्यांनी संध्याकाळी विचारले, "सोडली का हो धामण?" मी "हो" म्हणालो.

मुलगा हसायचा थांबला. त्याने टबाशेजारी पाट घेतला आणि वीस मिनिटे बसून राहिला.

भिजल्यावर ओल्या टॉवेलची सैल गुंडाळी करून त्यातून सापाला सरपटू दिले. निम्मे पापुद्रे टॉवेललाच चिकटून आले. शेपटीचे कडे ओल्या बोटाने हळूहळू सुटले. ते सोडवणे महत्त्वाचे, कारण असे कडे दोन-तीन वेळा साचले की रक्त अडते आणि टोक वाळून गळते. डोळ्याला मात्र मी हात लावू दिला नाही. सापाला पापण्या नसतात. बुबुळावर एक पारदर्शक भिंग असते, चष्म्याच्या काचेसारखे, आणि त्याचाही वरचा थर कातीबरोबर निघतो. तो राहिला म्हणून चिमट्याने ओढायला गेलात तर खालचे भिंगही येते आणि डोळा जातो. घाई करायची नाही. बहुधा पुढच्या कातीबरोबर तो निघतो. दोनदा राहिला तर पशुवैद्याकडे जायचे.

आणखी थोडे सांगून ठेवतो. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला भिजवू नये, तो खाल्लेले ओकून टाकतो. डोळे दुधी-निळे झाले म्हणजे कात जवळ आली. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो बिथरलेला असतो, हाताळू नये. त्या काळात खोक्यात ओलसर कापड ठेवलेला एक डबा, आत शिरण्यापुरते भोक पाडून, ठेवला तर बहुतेक वेळा भिजवण्याची गरजच पडत नाही. पाण्याची जड वाटी कायम हवी. साप आपण होऊन तासन् तास पाण्यातच बसायला लागला तर खवल्यांच्या फटीत गोचिडीसारखे बारीक किडे झालेत का, हे भिंग घेऊन बघावे. आणि सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि लहान मुलांना, म्हाताऱ्यांना त्यांचा त्रास होतो. टब मोरीत धुवावा, ओट्यावर नाही.

एवढे सगळे होईपर्यंत आजीबाईंनी दार किलकिले केले होते. त्यांनी आतूनच विचारले, "मंग त्याले दूध कव्हय देवानं?"

श्रोतेहो, या प्रश्नाला मी हसलो नाही. आपल्याकडे नागपंचमीला वारुळावर दूध-लाह्या वाहतात, त्यानंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. या श्रद्धेशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते टोपलीतल्या नागाच्या तोंडाशी धरलेल्या वाटीशी. साप सस्तन प्राणी नाही. दूध पचवायची व्यवस्था त्याच्या पोटात नाही. मग गारुड्याचा नाग पितो कसा? नागपंचमीच्या आधी कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंब दिलेला नसतो. तो दूध पीत नाही, तो तहान भागवतो. तिथे ताक असते तरी प्यायला असता. सापाची श्वासनळी तोंडाच्या तळाशीच उघडते. तोंड शिवलेल्या, दात उपटलेल्या नागाच्या नळीत दूध जाते, फुप्फुसात साचते आणि पुढच्या काही दिवसांत तो झुरून मरतो. तोवर आपण दक्षिणा देऊन घरी आलेलो असतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून पुजण्याची जुनी प्रथा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली. २०२५ साली केंद्राने मोजके नाग पकडायची परवानगी दिली तीही शिक्षणाच्या कारणापुरती. गल्लीबोळातल्या टोपल्यांवर मात्र आपणच लक्ष ठेवायचे आहे.

पाळण्याचा आणखी एक प्रकार आपल्या भागात गुपचूप चालतो आणि त्याबद्दल मला जास्त चीड आहे. तो म्हणजे मांडूळ. शेपूट तोंडासारखी दिसते म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. गुप्तधन दाखवतो, वजनावर लाखो रुपये मिळतात, अशा थापांवर विश्वास ठेवून माणसे ते मडक्यात ओली माती भरून महिनोन् महिने लपवून ठेवतात. मांडूळ हा भुसभुशीत कोरड्या जमिनीतला साप. सततच्या ओलीने त्याच्या पोटाच्या खवल्यांखाली फोड येतात, मग ते सडतात. मी असे एक मांडूळ पाहिले आहे, पोटाकडून ते कच्च्या मांसासारखे झाले होते. ज्याने ठेवले होते तो म्हणत होता, "रोज पाणी शिंपडत होतो, काही कमी केले नाही." गिऱ्हाईक काही आले नाही.

तामिळनाडूत इरुळा जमातीचे लोकही साप मडक्यात ठेवतात, पण ते १९७८ पासूनच्या त्यांच्या सहकारी संस्थेत, परवान्याने, विष काढण्यापुरते. काही आठवड्यांनी साप जंगलात परत जातो. त्या विषापासूनच आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पदंशावरची लस बनते.

तेव्हा तुमच्या चाळीखाली साप निघाला तर त्याला पकडून बरणीत घालू नका आणि आंघोळ तर मुळीच घालू नका. लांबून नजर ठेवा, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला कळवा. आम्ही तरी काय करतो, सुती पिशवीत घालून सावलीत ठेवतो. उन्हाळ्यात पिशवीवर पाण्याचा हात फिरवतो, पण पिशवी चिंब करत नाही, कारण चिंब कापडातून हवा जात नाही. घोणसाची पिशवी अंगाला लावून धरत नाही, तिचे दात कापडातून आरपार येतात. वनविभागाला कळवून शक्यतो त्याच दिवशी, जवळच्याच रानात सोडतो. आणि पान लागले तर ब्लेड नको, आवळून बांधणे नको, मंत्र नको. हात-पाय हलू न देता १०८ ची गाडी बोलवायची आणि ग्रामीण रुग्णालय गाठायचे. साप मारून सोबत न्यायची गरज नसते.

आजीबाईंना मी सांगितले, "माय, त्याला दूध नको, ती पाण्याची वाटी तेवढी भरलेली राहू दे." दुसऱ्या दिवशीपासून वाटी त्याच भरू लागल्या, असे मुलाने सांगितले; फक्त खोके उघडायचे काम त्याचे. तो पुण्याला परत गेला. सहा-सात आठवड्यांनी त्याच्याकडून एक पाकीट आले. आत सलग, अखंड कात होती आणि डोळ्यांच्या जागी दोन गोल, स्वच्छ काचा. मी ती आजीबाईंना दाखवायला नेली. घरात सापाची कात असली की बरकत येते म्हणतात. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, गव्हाच्या कोठीवर ठेवली आणि मला चहा टाकला.