पडीक म्हणू नका त्या माळाला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेनं निघालं, की भिगवणनंतर जिंती, पारेवाडी, वाशिंबे अशी लहान लहान स्टेशनं मागं टाकत गाडी जेऊरला येते. करमाळ्याला जाणारी मंडळी इथं उतरतात. बाकीचे खिडकीतून बाहेर नजर टाकतात आणि हमखास म्हणतात, "काय हा उजाड मुलूख!" ऊस-केळीचे हिरवे पट्टे सोडले, तर त्यांना दिसतं ते पिवळं गवत, चार बाभळी आणि एखादं बैठं टेकाड. सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पडीक' नाही तर 'पोटखराबा' म्हणतात. एकदा कागदावर असं लिहिलं, की तिथं पाहण्यासारखं काही असेल अशी शंकाही कुणाला येत नाही.

मी या भागात शिक्षकाची नोकरी केली. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा तरी सकाळी माळावर चालायला जातो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून सुरुवात झाली, आता माळ बोलावतो म्हणून जातो. त्या चालण्याविषयी आज तुमच्याशी बोलायचं आहे.

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना 'हेदर' हा शब्द ठाऊक असेल. स्कॉटलंडच्या आणि यॉर्कशायरच्या टेकड्यांवर वाढणारं हे गुडघाभर उंचीचं झुडूप. एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'मधला माळ तो हाच. ऑगस्टमध्ये हेदर फुललं, की टेकड्याच्या टेकड्या जांभळ्या होतात आणि लोक घरच्यांना घेऊन मुद्दाम चालायला जातात. जमीन म्हणाल तर तिथलीही निकस, वारा बोचरा, पीक यायचं नाव नाही. मेंढ्यांची चराई आणि ठरावीक वर्षांनी मुद्दाम केलेली जाळणी यांमुळे ते माळ तसे मोकळे राहिले. त्या निकस जमिनीचं तिकडच्या लोकांना केवढं कौतुक!

आमच्या टेकाडावरचं हेदर म्हणजे तरवड. पाऊस पडून गेला, की तरवडाला हळदीसारखी पिवळी फुलं लागतात आणि नवरात्रापर्यंत टिकतात. घटावर चढवायच्या माळेसाठी बायाबापड्या हीच फुलं खुडून नेतात. तरवडाची साल पूर्वी कातडी कमावायला वापरत. शेळ्यामेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चरून चरून बोडका झालेल्या माळावरही तो तग धरून राहतो. भाद्रपदातल्या कोवळ्या उन्हात सगळं टेकाड पिवळं झालेलं पाहिलं, की वाटतं, यासाठी परदेशी जायची काय गरज?

चालायला निघावं ते पहाटे. उजाडता उजाडता गाव मागं पडावं. पायाखाली असतो काळ्या खडकाचा झिजून झालेला मुरूम आणि त्यावर कशीबशी वीतभर माती. आम्ही पडलो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तरी लोक साल बरं गेलं म्हणतात. एवढ्या मातीत आणि एवढ्या पाण्यात दाट जंगल उभं राहत नाही. गवत मात्र जोमानं वाढतं. मारवेल, पवन्या, कुसळी, किती प्रकार सांगू? कुसळी गवत तर सोबत घरापर्यंत येतं. धोतर असो की पँट, त्याची कुसळं चिकटल्यावाचून राहत नाहीत. पण त्या कुसळाची करामत बघा. त्याच्या टोकाला बी असतं आणि मागं लांब पीळदार शेपूट. दवाची ओल लागली की पीळ सुटतो, ऊन पडलं की पुन्हा बसतो. असं फिरत फिरत ते बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. माळ आपली पेरणी आपणच करतो, ती अशी.

पंधरा-वीस मिनिटं चालून एके ठिकाणी स्वस्थ बसलं, की माळ बोलू लागतो. डोंबारी नावाचा चिमणीएवढा चंडोल असतो. नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, आता आपटणार असं वाटतं तोच शीळ घालत पुन्हा वर. डोंबाऱ्याचा खेळच तो, नाव अगदी साजेसं. पिवळ्या गलोलीची माळटिटवी आणि लांब पायांवर तुरुतुरु धावणारा धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ना घरटं, ना आडोसा. अंड्यांचा रंग मुरमासारखा, हेच त्यांचं कुंपण. म्हणून उन्हाळ्यात मी पाऊलवाट सोडत नाही. उगाच चारी बाजूंना भटकलं, तर अंडी पायाखाली यायची आणि आपल्याला कळायचंही नाही.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास पखुर्ड्यांचे थवे पाण्याकडे जाताना दिसतात. यांचा नर पाण्यात पोट बुडवतो, पोटाखालची पिसं बोळ्यासारखी भिजवतो आणि ते पाणी कोसभर लांबच्या पिल्लांना नेऊन पाजतो. थंडीत मध्य आशियातून भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून तरंगत टोळ-नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच एकमेकांच्या सोबतीनं झोपतात. हजारो मैलांवरून येणाऱ्या या पाहुण्यांची धर्मशाळा म्हणजे आपलं हे 'पडीक' गवत. नशीब असलं तर खोकड दिसतं, क्वचित चिंकारा. काळवीट पाहायचे तर शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जावं. अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य १९८० मध्ये खास त्यांच्यासाठी झालं.

आणि लांडगा. तो दिसतो तो बहुतेक वेळा पाठमोरा. भारतात आता अंदाजे तीन हजार लांडगे उरले आहेत, म्हणजे संख्येनं ते वाघांच्याच पंगतीला बसले. फरक एवढाच, की लांडगा राखीव जंगलात फारसा राहत नाही. तो माळावर, माणसांच्या शेजारी राहतो. एकदा टेकाडाच्या उतारावर मेंढरं चारणारे एक वयस्कर धनगर भेटले. मी विचारलं, "मामा, लांडग्याचा त्रास होतो का?"

"हुतो की गुरुजी. गेल्या साली दोन कोकरं न्हेली."

"मग राग येत नाही?"

"येतो की. आपलं जनावर गेल्यावर कुनाला येनार न्हाई? पर दोन कोकरांची खोट भरून काढता येती. ह्यो माळ गेला, तर मेंढरं कुठं घिऊन जाऊ?"

टेकाडाच्या माथ्यावर गेलं, की त्यांच्या प्रश्नाचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. एकीकडे दूरवर उजनीच्या फुगवट्याचं पाणी चकाकतं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं. त्यात गावं गेली, सुपीक मळे गेले, माणसं उठून वर आली. पण त्याच पाण्यानं कंदरच्या बाजूला केळी आली, सगळीकडे ऊस आला, घराघरांतली पोरं शिकली. हिवाळ्यात त्या पाण्यावर रोहित पक्षी येतात आणि लांबलांबची मंडळी गाड्या भरून पाहायला जातात. पाण्याच्या उपकाराविषयी माझ्या मनात शंका नाही. पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. मोटार, पाइपलाइन आणि जेसीबी आला, तसा काल ज्याला कुणी विचारत नव्हतं, तो माळ आज सपाट होतो आहे. टेकाडाचा मुरूम रस्त्याच्या भरावासाठी जातो आहे.

यात सर्वांत आधी गेला तो माळढोक. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोंपर्यंत भरणारा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांतला एक सर्वांत वजनदार पक्षी. सालिम अलींची इच्छा होती, की राष्ट्रीय पक्ष्याचा मान माळढोकाला मिळावा. १९६३ मध्ये तो मोराला मिळाला. १९७९ मध्ये सोलापूर-नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं, ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरहून थोडंसंच कमी. आमचा करमाळा तालुकाही त्यात होता. एवढ्या मोठ्या क्षेत्रात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. खरेदी-विक्री अडली, लोकांना पक्ष्याचाच राग येऊ लागला. पुढं ते क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण तोवर माळढोक हातचा निसटला होता. वर्षाकाठी मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. आज सगळ्या देशात माळढोक फारच थोडे उरले आहेत. जे आहेत, ते प्रामुख्यानं राजस्थानात. तिथं जैसलमेरकडे २०१९ पासून त्यांची पैदास करण्याचा प्रयत्न चालू आहे.

आणखी एक गोष्ट थोडी अवघड वाटेल, पण सांगायला हवी. माळ दिसला, की आपल्याला झाडं लावावीशी वाटतात. हेतू चांगलाच असतो. पण अनेक माळांवर चर खणून ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली गेली आणि गवत त्यांच्या सावलीत मरून गेलं. माळढोकाला, धाविकाला, काळविटाला दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. गर्द झाडीत त्यांचा जीव घुसमटतो. झाडं जरूर लावावीत, बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या अंगणात, गावाभोवती. ज्या मातीला गवत शोभतं, तिथं गवत राहू द्यावं. शेजारच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर वनविभागानं अलीकडे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लोक पैसे भरून माळ पाहायला जातात, यातच सगळं आलं.

आपल्याला मात्र तिकीट काढायचीही गरज नाही. महाराष्ट्राच्या निम्म्या गावांच्या पाठीशी असा एखादा माळ असतो. श्रावण-भाद्रपदात नाही तर थंडीत, पहाटे निघा. बूट जाड घाला, कारण फुरसं मुरमाच्याच रंगाचं असतं. मोटारसायकल खाली ठेवा, जनावरामागं गाडी घालू नका. वाळल्या गवतात बिडी-सिगारेट टाकू नका, एका ठिणगीत सगळा चारा आणि पिल्लं जातात. नातवंडांना घेऊन जा. त्यांना डोंबाऱ्याचा खेळ एकदा दाखवा.

आणि ग्रामसभेत जेव्हा एखादा सदस्य म्हणेल, "ती जागा तशी पडीकच आहे, देऊन टाकू," तेव्हा उभं राहून एवढंच विचारा, "तुम्ही तिथं चालून आलात का?"