डायालिसिस आणि मणका

मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाला आहे. पण आज इथे अरादमध्ये बसलेल्या कुणाचे आई-वडील तिकडे देशात डायालिसिसवर असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द.

निरोगी मूत्रपिंड बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन रक्तातून काढून टाकतं. डायालिसिसच्या गाळणीतून ते पुरेसं निघत नाही. वर्षानुवर्षं साठत ते सांध्यांत, मणक्यांमधल्या चकत्यांत जाऊन बसतं. १९८४ साली फ्रेंच डॉक्टरांनी अशी मणक्यांची झीज नोंदवली. १९८५ मध्ये जपानच्या डॉ. गेज्यो व सहकाऱ्यांनी हे प्रथिन ओळखलं. मानेचे मणके जास्त झिजतात. हाय-फ्लक्स गाळण्यांमुळे हा त्रास कमी झालाय, संपलेला नाही. शिवाय कॅथेटरवाटे रक्तात शिरलेले जंतू मणक्यात पू करू शकतात, कधीकधी तापही न येता.

आपण फोनवर क्रिएटिनिन किती ते विचारतो. मान, पाठ दुखते का, हेही विचारा. "वय झालं रे आता" या उत्तरावर थांबू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. हातापायांतली शक्ती कमी झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला सांगा. मज्जारज्जूवर दाब आला तर उशीर महागात पडतो.