विभागाच्या अडगळीत

फेब्रुवारी २०१०. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र लिलावात निघालं. गामा किरणांचं हे उपकरण कॅनडाहून आणलेलं, पण १९८५ पासून धूळ खात पडलेलं. दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते फोडलं. आत कोबाल्ट-६० होतं. त्याची तीव्रता साधारण सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. तरीही उरलेल्या किरणोत्सर्गाने एकाचा बळी घेतला, अनेकांना रुग्णालयात नेलं.

ही चोरी नव्हती की घातपात नव्हता. विभागाने रीतसर विकलेली वस्तू होती ती!

विद्यापीठांची खरी अडचण इथेच आहे. कारखान्यात रसायनांचं सहसा एखाद-दुसरंच गोदाम असतं. विद्यापीठात मात्र बाटल्या रसायनशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत खोल्याखोल्यांत विखुरलेल्या असतात. प्राध्यापक निवृत्त होतात, बाटल्या राहतात. पिक्रिक आम्ल ओलं असेपर्यंत बरंचसं निमूट असतं. सुकलं, की झाकण फिरवतानाचं घर्षणही स्फोटाला पुरू शकतं. सोडियम सायनाइडची बाटली गायब झाली, तर नोंदच नसलेल्या विभागाला ते कळणार कसं?

अमेरिकेने २००७ मध्ये तीनशेहून अधिक घातक रसायनांची यादी काढली आणि ठरावीक साठ्यापुढे सरकारला कळवणं बंधनकारक केलं. विद्यापीठं कुरकुरली; खोलीखोलीतली मोजदाद करायची कुणी? जुलै २०२३ मध्ये तिथल्या संसदेने मुदतवाढ न दिल्याने तो कायदाच संपुष्टात आला.